बंदराचा धनी कोण?

आपल्या मालाचा प्रवास मागावर सुरू होतो आणि पुष्कळदा बंदरात येऊन अडतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या व्यापारी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी आमचा कापडाचा एक कंटेनर एका बंदरात नऊ दिवस पडून राहिला. कागदपत्रे पुरी होती. एजंट म्हणाला बंदरवाल्यांना विचारा, बंदरातला कारकून म्हणाला जहाज कंपनीकडे जा, कंपनीने कस्टमकडे बोट दाखवले. शेवटी जागाभाडे आम्हीच भरले आणि त्या सौद्यातला नफा तिथेच संपला. पैसा गेला त्याचे दुःख झालेच, पण जाब कोणाला विचारायचा हेच कळू नये, याचे दुःख मोठे होते.

बंदर सरकारी असते, म्हणजे ते जनतेचे असते. मग त्याचा कारभार कोणापुढे जबाबदार असावा? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहराने या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधले. तेव्हा तिथले धक्के आणि गोदामे रेल्वे कंपन्या व खासगी मालकांच्या मुठीत होती. ते मागतील तो दर लहान व्यापाऱ्याने द्यायचा. लोकांनी चळवळ केली. १९११ साली वॉशिंग्टन राज्याने बंदर जिल्ह्यांचा कायदा केला आणि त्याच वर्षी किंग परगण्याच्या मतदारांनी कौल देऊन सार्वजनिक बंदर स्थापन केले. नव्या मंडळाच्या सुरुवातीच्या कामांत १९१४ साली सुरू झालेला मच्छीमारांचा तळ होता. धनदांडग्यांच्या आधी लहान माणसाची सोय झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिथे आज पाच आयुक्तांचे मंडळ आहे. सारा परगणा त्यांना चार वर्षांसाठी निवडून देतो आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. हे पाच जण क्रेन चालवत नाहीत की पावत्या फाडत नाहीत. धोरण ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, मोठ्या ठेक्यांना मान्यता देणे आणि मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे एवढेच त्यांचे काम. रोजचा कारभार तो अधिकारी पाहतो. मंडळाला परगण्यातील घरे-जमिनींवर कर बसवण्याचाही हक्क आहे. पैसा जनतेचा, म्हणून मतही जनतेचे, असा हा सरळ व्यवहार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट बैठकीची आहे. मंडळाची सभा कायद्याने खुली असते. कोणते विषय येणार ते आधी जाहीर करावे लागते. कोर्टकज्जा, जमिनीचा भाव अशा मोजक्या विषयांवर बंद दाराआड बोलता येते, पण निर्णय उघड्या सभेतच घ्यावा लागतो. गोदी कामगार असो वा विमानतळाच्या आवाजाने हैराण झालेला रहिवासी, तो सभेत उभा राहून दोन शब्द बोलू शकतो. तिथला विमानतळही याच मंडळाकडे आहे.

निवडणूक झाली म्हणजे सारे आलबेल झाले, असे मात्र नाही. २००७ साली राज्याच्या लेखापरीक्षकाने याच बंदराच्या ठेक्यांची तपासणी करून सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर वाया गेल्याचा ठपका ठेवला. मंडळ निवडलेले होते, तरी देखरेख ढिली पडली. दुसरी उणीवही आहे. किंग परगण्याबाहेरच्या ज्या सफरचंदवाल्या शेतकऱ्याचा माल या बंदरातून जातो, त्याला मत नाही. उद्या मुंबईत बंदराची निवडणूक झाली, तरी मालेगावच्या विणकराला त्यात मत मिळणार नाही. म्हणून आम्ही मतपेटी मागत नाही. आम्हाला उघडी सभा आणि उघडी वही हवी आहे.

आपल्याकडे काय घडले? १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. इंग्रजी अमदानीत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स त्यावर आपले प्रतिनिधी निवडून देत असे. ते बड्यांचे चेंबर होते, तरी व्यापाऱ्याचे मत विचारण्याची रीत होती. १९६३ च्या कायद्यातही जहाजमालक आणि माल पाठवणारे यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती. आता केंद्राच्या मोठ्या बंदरांना २०२१ चा कायदा लागू आहे. त्यात राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि कस्टम यांचा प्रत्येकी एक सदस्य आहे, कामगारांचे दोन आहेत, शिवाय दोन ते चार स्वतंत्र सदस्य आहेत. माल पाठवणाऱ्यासाठी म्हणून राखलेली खुर्ची नाही.

म्हणून आमचा मशवरा असा की, स्वतंत्र सदस्यांपैकी एक जागा लहान निर्यातदाराच्या प्रतिनिधीला द्यावी, ही मागणी आपल्या संघटनांनी एकमुखाने करावी. मंडळाचे विषय आणि ठराव सहज वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत, हेही मागावे. तोवर २००५ चा माहिती अधिकार हाताशी आहे. कंटेनर अडला की चहाच्या टपरीवर हळहळण्यापेक्षा संघटनेमार्फत लेखी विचारावे, उत्तर जपून ठेवावे.

आणि एक सवाल स्वतःलाही करावा. आपल्या पतसंस्था, माग मालकांच्या संघटना, मशिदींचे ट्रस्ट यांच्या किती सभा खुल्या असतात? किती जण हिशेब वाचतात? शूरा, म्हणजे सल्लामसलतीने कारभार, ही तर आपली शिकवण. सार्वजनिक मालमत्ता ही अमानत आहे, मग ते बंदर असो वा मोहल्ल्यातली पतसंस्था. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे. आपण मागितला नाही, तर तो आपल्याला कोणी आणून देणार नाही.