टेंभुर्णीला फुलं पाठवायची आहेत?

बाजारवाट : वाटसरू

‘टेंभुर्णीत फुलं घरपोच, आजच्या आज’ अशा जाहिराती हल्ली फोनवर दिसू लागल्या आहेत. बारा लाल गुलाब, शेजारी केक, खाली किंमत आणि गावाचं नाव भरायला एक चौकट. चौकटीत पुणे टाका, पाटणा टाका नाहीतर टेंभुर्णी टाका, गुलाब तेच आणि केकही तोच. गावातला माणूस चक्रावतो, असलं दुकान आपल्या नाकाखाली उघडलं कधी? तर दुकान उघडलेलं नाही. गावाचं नाव यादीत चढलंय, इतकंच. आणि नावावर तरी किती विसंबावं? जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात आणखी एक टेंभुर्णी आहे. पाठवणाऱ्यानं तालुका माढा, जिल्हा सोलापूर एवढं तरी ठसठशीत लिहावं.

आपली टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावरची. इथून पंढरपूरला, अकलूजला, कुर्डुवाडीला, करमाळ्याला रस्ते फुटतात. उजनीचं धरण जवळच. १९८० साली ते पुरं झालं, त्या पाण्यावर ऊस वाढला, कारखाने आले, आणि उसाच्या पैशावर शिकलेली पोरं पुण्याला, हिंजवडीला, काही पार दुबई-अमेरिकेला जाऊन बसली. आता आईची साठी, बहिणीचं डोहाळजेवण, मित्राचा सोसायटीच्या निवडणुकीतला विजय असं काही निघालं, की या पोरांना घरी फुलं पाठवावीशी वाटतात. हौस चांगलीच आहे. फक्त ती भलत्या रस्त्यानं जाते.

तो रस्ता असा. पोरानं फोनवर गुच्छ निवडला, पैसे भरले. ऑर्डर कंपनीकडून सोलापूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या दुकानदाराकडे गेली. एका गुच्छासाठी एवढ्या लांब माणूस धाडणं त्याला परवडत नाही, म्हणून तो टेंभुर्णीत ओळखीपाळखीनं कुणी सापडतंय का ते बघतो. अखेर फोन वाजतो स्टँडजवळच्या हारवाल्याचा. ‘‘बुके बनवता का ओ मालक?’’ हा म्हणतो, ‘‘बनवतो की. पण लाल गुलाब आज न्हाईत, लग्नाच्या गाडीला गेले. जरबेरा चालंल का?’’ चालवून घेतात. कंपनीचं आणि मधल्याचं कापून जे हातात पडणार असतं, त्या हिशोबानं हिरव्या स्पंजावर चार जरबेरा खोचले जातात. देठ वाकू नयेत म्हणून त्यांना सरबताच्या स्ट्रॉ चढवलेल्या, भोवती कामिनीचा पाला, वर चकचकीत कागद. फोटोतलं फूल एक आणि दारातलं दुसरं, यात हारवाल्याचा काडीचा दोष नाही. त्याला तो फोटो कुणी दाखवलेलाच नसतो.

लाल गुलाब मिळाले तरी त्यांची दुसरीच रड असते. हा गुलाब बहुतेक मावळातला, तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाउसमधला. तोडला की शीतगृहात जातो, दोन-चार अंशांवर गारठून राहतो, आणि व्हॅलेंटाइनच्या आधी विमानात बसून परदेशी सुखरूप उतरतो. टेंभुर्णीला येताना मात्र त्याच्या नशिबी ट्रॅव्हल्सची डिकी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. असा गुलाब दुपारी माना टाकतो आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्याच्याकडे बघवत नाही. त्याच मे महिन्यात मोगरा ऐन भरात असतो. पण जाहिरातीत मोगऱ्याचा फोटो नसतो, कारण तो गुच्छात बसत नाही.

एका गावाहून दुसऱ्या गावी फुलं धाडायचा हा धंदा तसा शंभर वर्षांहून जुना. १९०८ साली बर्लिनच्या मॅक्स ह्यूबनर या फूलविक्रेत्यानं गावोगावच्या दुकानदारांची साखळी जुळवली. १९१० साली अमेरिकेतल्या पंधरा दुकानदारांनी एकत्र येऊन तारेनं ऑर्डर घ्यायची-द्यायची संघटना काढली. त्यातली मेख अशी, की प्रवास निरोप करायचा, फुलं करायची नाहीत. फुलं त्या गावची आणि ती बांधणाराही त्या गावचा, शिवाय तो संघटनेचा सभासद, बरोबरीचा माणूस. आज निरोप तारेऐवजी फोनवरून जातो, पण गावचा फूलवाला सभासदाचा मजूर झालाय. त्याचं नाव जाहिरातीत नाही, बिलावर नाही आणि गुच्छाच्या चिठ्ठीवरही नाही.

आपल्याकडे तारा होत्या. अभिनंदनाच्या ठरीव वाक्यांना नंबर होते, नंबर सांगितला की पलीकडे अख्खा आशीर्वाद छापून निघायचा. जुलै २०१३ मध्ये तार बंद होईपर्यंत लग्नसराईत त्या येत राहिल्या. मनिऑर्डरनं आहेरही येत. फुलं मात्र कुणी तारेनं मागवली नाहीत.

याचं कारण मला वाटतं असं आहे. आपल्याकडे फूल नुसतं पोचून भागत नाही. हार गळ्यात घालावा लागतो, गजरा माळावा लागतो, देवाला फूल वाहावं लागतं, ओटीत टाकावं लागतं, शेवटच्या दर्शनाला पायांवर ठेवावं लागतं. दर वेळी कुणाचा तरी हात लागतो. त्यामुळे लांबच्या माणसानं फुलं पाठवायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त ती दुसऱ्याचा हात उसना घेऊन चालते. मयतीला पोचणं शक्य नसलं की मुंबईचा मित्र फोन करतो, ‘‘तात्या, माझ्याकडनं एक हार घाल बाबा.’’ हार आणतो तात्या, घालतो तात्या, आणि घालताना चारचौघांत नाव घेतो ते मुंबईकराचं. सत्काराच्या स्टेजवर तर निम्मे हार अमक्यातमक्याच्या वतीनंच पडतात. गुच्छाला यातलं काही लागत नाही. दिला, घेतला, टीपॉयवर ठेवला. कंपन्यांना तो आवडतो तो याचमुळे. मोटरसायकलवरच्या पोराला दारातूनच परत फिरता येतं.

ओळखीच्या एका घरी असे गुलाब खरोखर पोचले होते. आईनं कागद न फाडता सोडवला आणि घडी घालून कपाटावर ठेवला. तीन गुलाब देवाला, एक तुळशीला, शेजारणीच्या सुनेला केसात माळायला एक, उरलेले स्टीलच्या तांब्यात. हिरव्या स्पंजाचं काय करायचं ते कुणालाच कळेना, शेवटी तो नातवानं बोटांनी भोकं पाडून संपवला. रात्री लेकाचा फोन आला. ‘‘लई छान हुती रं फुलं. देवाला घातली.’’ लेक जरा हिरमुसला. त्याला गुच्छ हातात धरलेल्या आईचा फोटो हवा होता. मला विचाराल तर आईनं फुलांचं जे केलं ते गुच्छ बांधणाऱ्यापेक्षा सरस केलं.

आता या धंद्यातल्या खऱ्या गड्याकडे, हारवाल्याकडे, जरा बसू. पुढ्यात ओलं गोणपाट, त्यावर झेंडूचे दोन ढीग, पिवळा आणि केशरी. बाजूला पाटीत गुलछडीच्या कळ्या, थंडीच्या दिवसांत शेवंती. हातात वीतभराहून लांब सुई. झेंडूचा देठ अंगठ्याच्या नखानं खुडायचा, फूल सुईत ओवायचं, चार ओवून झाली की कामिनीचा पाला, मग गुलछडीचा थर, पुन्हा झेंडू. सुई भरली की सगळं एकदम दोऱ्यावर सरकवायचं, आणि ते सरकवताना मूठ इतकी हलकी ठेवायची की एक पाकळी मागं राहू नये. तळाला गोंडा, त्यात एखादा देशी गुलाब. हे करता करता तो रिक्षाच्या आरशाला लावायच्या माळेचे पैसे घेतो, फोनवर नवरदेवाच्या गाडीचा भाव ठरवतो आणि पूजेच्या पुड्या बांधतो. हार देवाचा, माणसाचा की मयतीचा, हे तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखतो आणि तसा बांधतो. माळी, गुरव, फुलारी यांचा हा पिढीजात धंदा. फुलारी आडनावाची घरं सोलापूर जिल्ह्यात हिंदूंत सापडतील तशी मुसलमानांतही, आणि गणपतीचा हार कुणाच्या हातचा आहे हे गणपतीनं आजवर विचारलेलं नाही.

शिवाय त्याला गाव पाठ असतो. कंपनीच्या अर्जात फ्लॅट नंबर, इमारत, गल्ली असले रकाने. इथला पत्ता म्हणजे अकलूज रस्त्याला लागल्यावर डीपीच्या मागं, विहिरीच्या अंगाला, दोन म्हशी बांधलेलं घर. घरं वस्त्यांवर विखुरलेली. शहरातून येणारा पोरगा तीनदा फोन करतो, चौथ्यांदा वैतागून ‘घरी कुणी नव्हते’ असं टिपून निघून जातो. हारवाला दूधवाल्याच्या गाडीवर पुडी टाकतो आणि ती नेमकी पोचते.

फुलांबरोबर माणसं धाडायची याचा मोठा मासला बघायचा तर पंढरपूर तासाभराच्या वाटेवर आहे. एकादशीला, वसंतपंचमीच्या विठ्ठल-रुक्मिणी विवाहाला मंदिर फुलांनी भरतं. खर्च उचलणारे भाविक कितीतरी वेळा पुण्यामुंबईचे असतात. ते फुलांचे टेम्पो धाडतात, पण नुसते टेम्पो धाडत नाहीत. आरास करणारे कारागीर सोबत येतात, रात्र जागतात, खांबाखांबाला माळा गुंडाळतात आणि सकाळी थकून बाहेर पडतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या टेंभुर्णीवरूनच वळतात. इथल्या हारवाल्याला त्या दिवशी झेंडू महाग पडतो, त्याबद्दल तो विठ्ठलाला काही बोलत नाही, आडत्याला बोलतो.

पुढाऱ्यांचा विषय काढल्याशिवाय सोलापूर जिल्ह्यात फुलांवर लिहिणं पुरं होत नाही. क्रेनला लटकवलेले हार आणि जेसीबीच्या बकेटातून होणारी उधळण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. असला हार गळ्यात मावत नाही. साहेबांनी त्याला नुसता हात लावायचा, मागं धरायला आठ जण. फुलांचा हा चिखल मला पटत नाही. पण त्यावरचा उतारा म्हणून ‘हारतुरे नकोत, वह्या आणा’ अशी जी आवाहनं निघतात, तीही सरसकट पटत नाहीत. वह्या द्याव्यात की, कोण नको म्हणतंय? पण झेंडू पिकवणाऱ्याचं आणि ओवणाऱ्याचं पोट वहीवर भरत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव खाणारा झेंडू कधी कधी दुसऱ्याच दिवशी रस्त्याकडेला ओतावा लागतो, हे ज्यानं पाहिलंय तो एका साध्या, गळ्यात मावणाऱ्या हाराला नाही म्हणायला धजणार नाही. तोंडी लावायला पितृपक्ष असतोच. त्या पंधरवड्यात हाराला गिऱ्हाईक फिरकत नाही.

आणि प्लास्टिक. स्वागतकमानींवर, मंगल कार्यालयांच्या स्टेजवर, गौरीच्या सजावटीत ते बारमाही फुललेलं असतं. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळात कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याची घोषणा झाली. फूलशेतकऱ्यांची ती जुनी मागणी. बंदीचं काय व्हायचं ते होईल. पण मंडपवाल्याचं गणित साधं आहे. तेच तोरण तो वर्षभर भाड्यानं देतो, धुतो आणि पुन्हा देतो. त्याला पाडायचं तर मंगल कार्यालय ठरवणाऱ्या यजमानानंच खरी फुलं मागायला हवीत, आणि ‘‘किती जादा लागतील?’’ असं विचारून ते पैसे मोजायला हवेत.

तर टेंभुर्णीला फुलं पाठवायची असतील तर सरळ हारवाल्याला फोन करावा. नंबर कुणाही भावकीतल्या माणसाकडे मिळतो. पैसे फोनवरून जातात. २०२३ पासून अमेरिका, इंग्लंड, अमिरातीसारख्या काही देशांतल्या नंबरांनाही, इथं अनिवासी खातं असेल तर, यूपीआयची सोय खुली झाली आहे. आईला गुच्छाऐवजी उन्हाळ्यात मोगऱ्याचा गजरा, थंडीत शेवंतीची वेणी, सोबत देवासाठी सुटी फुलं. बापाच्या साठीला हार. तो घालायला बहीण, पुतण्या, शेजारचे अण्णा, कुणालातरी आधी सांगून ठेवायचं, आणि घालताना आपलं नाव घ्यायला सांगायचं.

हारवाल्याच्याही काही अटी आहेत, त्या त्यानंच मला ऐकवल्या. ऑर्डर आदल्या दिवशी उजेड असताना द्यायची, कारण फुलांची मागणी रात्रीच्या गाडीला जाते. दसरा, पाडवा, लक्ष्मीपूजन आणि लग्नाची दाट तीथ या दिवशी त्याला फोन करायचा नाही, केलाच तर भावावरून घासाघीस करायची नाही. फोटोतल्यासारखं करून द्या म्हणायचं नाही. गजरा हातभर पाहिजे की वीतभर ते आधी सांगायचं. अन् पैसे आगाऊ. ‘‘लांबच्या गिऱ्हाइकाचं काय हाय,’’ तो म्हणाला, ‘‘कंपनीला हजार भरताना त्यास्नी काय वाटत न्हाई. मी दोनशे म्हणलं की म्हणत्यात, दीडशात बसवा.’’