घर दरसाल शाकारावे लागते

‘समाजवाद पटतो, पण जावे कोणत्या पक्षात?’ रत्नागिरी जिल्ह्यातील विचारी तरुण आज हा प्रश्न विचारतात, आणि आपल्यातील बुजुर्ग कार्यकर्त्यांना त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. प्रश्न टाळून भागणार नाही. माणूस समाजवादी कसा होतो आणि समाजवाद्याला हक्काचे राजकीय घर कसे मिळते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली या जिल्ह्याने चांगली जाणली; दुसरीत आपण कमी पडलो.

या मातीत समाजवाद पुस्तकातून आला नाही. खोताच्या अंगणात कुळाने घातलेल्या पिकाच्या राशीतून आणि मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीतून तो आला. प्रामाणिकपणे सांगायचे तर खोतीविरुद्धच्या लढ्याचे मोठे श्रेय आपले नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, 1938 च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरीही प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 साल उजाडले. कुळाला राजकारणाचा पहिला धडा मिळाला तो इथे: न्याय्य मागणीही संघटित शक्तीवाचून बारा वर्षे ताटकळत राहते.

दुसरी वाट सदसद्विवेकाची. दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी त्या वाटेने आले. 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि पुढे समाजवाद्यांची साथ केली. 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी हाच संस्कार गावोगावच्या मुलामुलींवर केला. एक वाट पोटाची, दुसरी मनाची. ज्याने केवळ पहिली चोखाळली तो मागणी पुरी होताच घरी बसतो. ज्याने केवळ दुसरी चोखाळली तो कुळाच्या अंगणात कधी पोचतच नाही. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथेच समाजवादी कार्यकर्ता घडतो.

घराचे मात्र काय झाले? 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. 1948 मध्ये काँग्रेस सोडली, 1952 मध्ये प्रजा समाजवादी झालो, 1955 मध्ये लोहिया वेगळे झाले, 1964 मध्ये संयुक्त समाजवादी आणि वर्षभरात पुन्हा दोन. 1971 मध्ये एकत्र, 1977 मध्ये जनता पक्षात विलीन, 1979 मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तोही फुटला, 1988 मध्ये जनता दल. प्रत्येक वेळी तत्त्वाचे कारण सांगता येत होते आणि पुष्कळदा ते खरेही होते. परंतु प्रत्येक ठरावानंतर खेड्यातील कार्यकर्त्याला पाटी उतरवून नवी लावावी लागे आणि शेजाऱ्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागे.

असे असूनही राजापूर मतदारसंघाने 1957 ते 1989 या काळात सलग आठ निवडणुकांत समाजवाद्यालाच लोकसभेत पाठवले: तीनदा बॅरिस्टर नाथ पै, पाचदा प्रा. मधु दंडवते. खूण आधी झोपडी होती, मग नांगरधारी शेतकरी, शेवटी चक्र. मतदाराने माणूस ओळखला. त्या माणसांनीही विश्वास सार्थ केला. संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असावा म्हणून नाथ पै 1967 साली विधेयक घेऊन उभे राहिले. रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गादी घातली. मात्र 1991 साली दंडवते पराभूत झाले आणि त्यानंतर तिथून समाजवादी निवडून आला नाही. ज्या कोकण रेल्वेसाठी त्यांनी आयुष्य वेचले ती 1998 साली पूर्ण झाली, तेव्हा तिच्या स्थानकांवर उतरणारा चाकरमानी दुसऱ्याच झेंड्याखाली होता.

असे का व्हावे? जातीयवादाला किंवा पैशाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तेही खरे आहेत, पण पुरेसे नाहीत. 1982 च्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. त्या पडझडीत लालबाग-परळच्या गल्लीत रुग्णवाहिका मिळवून देणारी, मुलाच्या नोकरीसाठी खटपट करणारी शाखा दुसऱ्यांची होती. तिचे परप्रांतीयद्वेषाचे राजकारण आपल्याला अमान्य. पण दार उघडे होते, हे नाकारून कसे चालेल? आपल्याकडे खासदार होते, विचार होता, रात्री ठोठावता येईल असे दार फार थोड्या ठिकाणी होते.

यावर काही मित्र म्हणतात, पक्षच नको, चळवळ पुरे. कोकणातील अनुभव तसा नाही. एन्रॉनचा करार 1995 मध्ये मोडीत काढणाऱ्या सरकारनेच पुढे तो नव्याने केला. नाणारच्या रिफायनरीसाठीची भूसंपादनाची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली, आणि 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले. चळवळ एका गावाच्या वेशीवर प्रकल्प अडवते. तो दुसऱ्या गावाच्या वेशीवर येऊन उभा राहतो. कोकणात रोजगार कोणता आणि कोणाच्या मालकीचा, हे ठरवायला सत्तेत शिरणारा पक्षच लागतो.

तेव्हा तरुणांना सांगावे ते असे: पक्षाच्या जाहीरनाम्याआधी त्याची बैठक पाहा. तिथे कुणबी शेतकरी, बौद्ध, मुसलमान मच्छीमार, आंबा-काजूच्या कारखान्यात राबणारी बाई केवळ श्रोते आहेत की निर्णय घेणारे? नेत्याला विरोध करून माणूस पुढच्या बैठकीला येऊ शकतो का? दोन निवडणुकांच्या मधल्या काळात कचेरी उघडी असते का? या कसोट्यांना उतरणारा पक्ष लहान असला तरी चालेल. उतरत नसेल, तर आहे त्या ठिकाणी चारजणांनी मिळून त्या कसोट्या लावायला सुरुवात करावी.

आणि बुजुर्गांनी नवागताला 1955 मध्ये तुझे वडील कोणत्या गटात होते, असे विचारू नये. कोकणात मृगाआधी घर शाकारावे लागते. गेल्या वर्षी शाकारले होते म्हणून यंदाचा पाऊस थांबत नाही, आणि ते काम एकट्या घरधन्याचे नसते. वाडी हाताला हात लावते. आपल्या पक्षाचे छप्पर पुष्कळ पावसाळे तसेच राहिले आहे. नवे घर कुठे मिळेल याची चौकशी पुरे झाली. आता शिडी लावून वर चढावे.