ट्रॅक्टरच्या नोटेला लाखाचा भाव कुणी दिला?

पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट घरात असेल तर लाखो रुपये मिळतील, असे सांगणारे व्हिडिओ रोज कुणा ना कुणाच्या मोबाइलवर येतात. ऑनलाइन बाजारात तीच नोट ‘अतिदुर्मिळ’ म्हणून हजारोंच्या भावाने मांडलेली असते. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षे, एकापाठोपाठ एक गव्हर्नरांच्या सहीने, अफाट संख्येने छापली गेली आणि आजही ती वैध चलन आहे. मग लाखाचा भाव तिला कुणी दिला? विकणाऱ्याने. त्या भावाने ती घेतली कुणी, हे मात्र कुणी सांगत नाही.

मागितलेली रक्कम म्हणजे किंमत, हा नव्या संग्राहकाचा पहिला आणि सर्वात महागडा गैरसमज. दहा विक्रेत्यांनी एकमेकांचे पाहून तोच आकडा लावला, तरी तो बाजारभाव होत नाही. नोट प्रत्यक्ष कितीला गेली, हाच पुरावा. लिलावगृहांचे जुने निकाल उघडून पाहता येतात, आणि विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवण्याची सोय काही संकेतस्थळांवर असते. तिथे न डोकावता पैसे मोजणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

शुभ मानल्या जाणाऱ्या ‘786’ क्रमांकाचे उदाहरण घ्यावे. सहा अंकी क्रमांकांच्या दहा लाख नोटांमध्ये हे तीन अंक सलग असलेल्या नोटा किती? तब्बल 3,999. आणि हे झाले फक्त एका प्रीफिक्सचे, म्हणजे क्रमांकाआधीच्या एकाच अक्षर-आकड्यांच्या संचाचे. ज्याची श्रद्धा आहे त्याने असा क्रमांक जवळ जरूर ठेवावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या श्रद्धेवर दुर्मिळतेचा शिक्का मारून दाम उकळणे ही फसवणूकच. फसवणूक इथेच थांबत नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी लोकांना सावध केले होते. असे व्यवहार आपण करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले होते.

आता दर्जाकडे वळू. ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेली) ही तीन अक्षरे विक्रेते सढळ हाताने लिहितात. इंटरनॅशनल बँक नोट सोसायटीच्या निकषांप्रमाणे मात्र यूएनसी म्हणजे जिला घडी, सुरकुती किंवा हाताळल्याची खूण नाही अशी नोट. मधोमध एक हलकी घडी असली की ती त्याखालच्या ‘एयू’ दर्जात उतरते. तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक मोड असली तर ‘एक्सएफ’. म्हणजे एका घडीने नोट पायरी उतरते, आणि संग्राहकांच्या आवडीच्या नोटेत त्या पायरीगणिक किंमत झपाट्याने घसरते. म्हणूनच काही जण नोट धुतात, दाबतात, इस्त्री करतात. त्याने कागदाची मूळ चकाकी जाते, पृष्ठभाग निस्तेज होतो आणि तिरप्या प्रकाशात घडीची रेघ तरीही दिसतेच. समोरून झगझगीत उजेड टाकून काढलेल्या फोटोत नेमकी हीच रेघ लपते.

स्टेपलच्या भोकांचा न्याय थोडा वेगळा. पूर्वी आपल्या बँका नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारत. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ती पद्धत बंद करायला लावली. त्यामुळे त्याआधीची कोरी करकरीत नोटही भोकांसह सापडते. अशी भोके पाहून नोट वापरलेली ठरवणे चूक, आणि ती वर्णनातून वगळणे त्याहून मोठी चूक.

मग पीएमजीसारख्या संस्थेने दर्जा देऊन पाकिटात बंद केलेलीच नोट घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला, असे काही जाणकार म्हणतात. तो अर्धाच मिटतो. पाकिटावरचा 64 किंवा 66 हा आकडा नोटेची अवस्था सांगतो, मोल सांगत नाही. मुबलक नोट 66 असली तरी मुबलकच राहते. उलट 1959 मध्ये हज यात्रेकरूंसाठी काढलेली ‘एचए’ प्रीफिक्सची शंभराची नोट घड्या पडलेली असली तरी लिलावात तिच्यासाठी चढाओढ होते. शिवाय पाकिटेही बनावट निघतात. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय त्या पाकिटाला अर्थ नाही.

मोल ठरते ते सही, प्रीफिक्स, क्रमांकाच्या पट्टीत छापलेले इनसेट अक्षर आणि शिल्लक संख्या यांवर. गांधी जन्मशताब्दीच्या 1969 च्या नोटांवर सेवाग्राम आश्रमासमोर बसलेले गांधीजी आहेत. चित्र एकच, पण काहींवर एल. के. झा यांची सही आहे, तर काहींवर 1970 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर राहिलेल्या बी. एन. आडारकरांची. संग्राहकांच्या सूचीत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांचा संदर्भग्रंथ हाताशी असेल, तर असा फरक घरबसल्या ओळखता येतो.

म्हणूनच ‘ऑनलाइन घेऊच नका’ हा सल्लाही मान्य होण्यासारखा नाही. गावोगावच्या संग्राहकासाठी मुंबई-पुण्याची प्रदर्शने लांब असतात आणि चांगल्या नोटा ऑनलाइन मिळतातही. अट एवढीच, की पारख विक्रेत्याच्या शब्दांची नव्हे, कागदाची व्हावी. दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे, तिरप्या प्रकाशातले आणि उजेडाकडे धरलेले फोटो मागावेत. नोट पटली नाही तर परत घेण्याची हमी लेखी घ्यावी. रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटांची गड्डी कुणी स्वस्तात देऊ केली, तर 2017 चा कायदा आठवावा: संग्रहासाठीही अशा 25 पेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. आणि जो विक्रेता तिरप्या प्रकाशातला एक फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून नोट घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो.