काळी तुझ्याकडे!

गेल्या वीकएंडला लॅपटॉप पुण्यातच ठेवून वर्ध्याला घरी गेलो. संध्याकाळी क्लबात काका पट मांडून तयारच. "घे बे काळी! आपल्या नागपूरच्या दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनीच फायनल मारली ना?"

खरंय. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला वर्ल्ड कप. टायब्रेकचा दुसरा रॅपिड डाव, समोर कोनेरू हम्पी, आणि दिव्या देशमुखकडे काळी मोहरी. एकोणिसाव्या वर्षी कप आणि ग्रँडमास्टर किताब, दोन्ही एका झटक्यात!

आमचा डाव मात्र सातच चालींचा. तिसऱ्या चालीला मी घोडा थेट पटाच्या मध्यात टाकला. राजापुढचं प्यादं फुकट! काकांनी ते लगेच उचललं. मग माझा वजीर बाहेर पडला आणि शेवटी त्याच घोड्यानं मात. राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला.

यार, आनंद जेमतेम सेकंदभर टिकला. आठवीत असताना हा ट्रॅप मला काकांनीच शिकवला होता. विसरले? की मुद्दाम?

विचारायची हिंमत झाली नाही. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मांड ना बे पुन्हा. काळी तुह्याकडेच राहू दे."