पार्टवरचा नंबर वाचायला शिका!

मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर संपले. गाडी २०१३ ची, शंभर सीसीची स्प्लेंडर, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तालुक्याच्या एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "स्प्लेंडरचे मागचे लायनर द्या." दुकानदाराने पाकीट दिलं. पाकिटावर स्प्लेंडरच लिहिलेलं होतं. मी पैसे दिले, बिल मागितलं नाही. गॅरेजवर चाक खोललं तर लायनर ड्रममध्ये बसेनात. माझ्या गाडीचा मागचा ड्रम ११० मिलिमीटरचा आणि हातातले लायनर १३० चे! परत गेलो, तर फोडलेलं पाकीट घेत नाही म्हणून दुकानदाराने हात वर केले.

त्या दिवशी निराधार योजनेच्या कागदांसाठी एका विधवा ताईला तहसीलला न्यायचं ठरलं होतं. गाडी चाकाशिवाय गॅरेजमध्ये उभी राहिली. आमच्या बाजूला एसटी दिवसातून दोनदा येते, आणि सकाळची निघून गेली होती. ताईचा रोज बुडाला आणि काम आठवड्याने पुढे गेलं. ताई काही बोलली नाही, पण मला राहून राहून वाटत राहिलं की चूक फक्त दुकानदाराची नव्हती. ज्या गाडीवर मी रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतो, तिच्या मागच्या ड्रमचं माप मला माहीत नव्हतं.

मित्रांनो, खेड्यापाड्यात आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही शंभर सीसीची गाडी म्हणजे चैन नाही. ती आपलं ऑफिस आहे, रात्री-अपरात्रीची रुग्णवाहिका आहे. अनेकांसाठी तर तीच रोजीरोटी आहे. मग तिच्याबद्दलचं साधं ज्ञान आपण दुकानदाराच्या भरवशावर का सोडतो?

या बाबतीत आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. पहिला म्हणजे "कंपनीचाच पार्ट घ्यावा, बाकी सगळं डुप्लिकेट". दुसरा याच्या अगदी उलट, "लोकल घे रे, सगळं एकच असतं". दोन्ही खोटे आहेत, आणि दोन्हींची किंमत गरीब माणूसच मोजतो.

गाडी बनवणारी कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. हिरोच्या गाड्यांना शॉकॲब्सॉर्बर मुंजाल शोवा देते. आपल्या वाळूजची एन्ड्युरन्स बजाजला सुटे भाग पुरवते. चेन, बेअरिंग, प्लग, टायर बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच असतात. यातल्या बऱ्याच जणांचा माल बाजारात त्यांच्या स्वतःच्या नावाने, कमी किमतीत मिळतो. म्हणजे बाजारात "ओरिजिनल" आणि "डुप्लिकेट" असे दोनच प्रकार नाहीत, चार आहेत. गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला माल, सुटे भाग बनवणाऱ्या नामांकित कंपनीचा तिच्याच नावाचा माल, कुणाचं नाव-पत्ता नसलेला माल, आणि दुसऱ्याचं नाव छापून विकलेला बनावट माल. पहिल्या दोनपैकी खिशाला परवडेल तो घ्या. ब्रेक, चेन, टायर आणि क्लच वायरसाठी शेवटच्या दोनांकडे फिरकूही नका. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. ज्यावर हे नाही, ते पाकीट तसंच परत ठेवा.

आता "बसेल की नाही" हा प्रश्न. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ साली. पुढे सीडी डीलक्स, एचएफ डीलक्स आल्या. या सगळ्यांच्या मुळाशी एकच इंजिन आहे, ९७.२ सीसीचं. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५ मिलिमीटर. म्हणूनच मिस्त्री एका गाडीचा पार्ट दुसरीला बेधडक लावतो आणि तो चालतो. पण "चालतो" हा शब्द सरसकट वापरला की माझ्यासारखी फजिती होते. नाव तेच राहतं आणि गाडी आतून बदलत जाते. त्यासाठी तीन तारखा लक्षात ठेवा.

१ एप्रिल २०१७ : नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू राहू लागला. त्यामुळे हँडलवरचा स्विच आणि वायरिंग बदललं.

१ एप्रिल २०१९ : १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा (किंवा एबीएस) सक्तीची झाली. माझ्या हातात पडलेले १३० चे लायनर याच नव्या रचनेचे होते.

१ एप्रिल २०२० : बीएस-६ आलं. स्प्लेंडरचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. इंधन आणि वायरिंगच्या बाबतीत जुनी आणि नवी स्प्लेंडर या आता दोन वेगळ्या गाड्या आहेत.

म्हणून दुकानात नुसतं "स्प्लेंडरचं द्या" म्हणू नका. आरसी बुकात बनावटीचा महिना-वर्ष असतो, तो सांगा. शक्य असेल तर जुना पार्ट सोबत न्या आणि त्यावरचा नंबर दाखवा.

हे नंबर म्हणजे काही गूढ विद्या नाही. चेनवर ४२८ लिहिलेलं असतं. त्यातला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच. ४२० ची चेनही अर्ध्या इंचाचीच असते, पण रुंदीला कमी. ४२८ च्या स्प्रॉकेटवर ती नीट बसणार नाही. टायरवर २.७५–१८ असतं, म्हणजे पावणेतीन इंच रुंदी आणि १८ इंचाची रिम. त्यापुढे ४२पी किंवा ४८पी असा आकडा असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. ४२ म्हणजे त्या टायरने १५० किलो वजन पेलायचं, ४८ म्हणजे १८० किलो. पुढचा आणि मागचा टायर दिसायला सारखाच असला, तरी मागच्याला वजन जास्त असतं. स्वस्त मिळाला म्हणून पुढचा टायर मागे टाकून त्यावर तिघे बसलात, तर दोष नशिबाला देऊ नका. टायरवरच चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. "नवाकोरा" म्हणून पाच वर्षं पडून राहिलेला टायर गळ्यात मारला जातो तो इथेच.

ऑइलचंही तसंच. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए-२" बघा. कारचं उरलेलं ऑइल फुकट मिळालं म्हणून ओतलंत, तर क्लच सटकू शकतो. मग प्लेटांचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट होतो.

आता अपग्रेडबद्दल. तरुण मित्रांना हाच विषय जास्त आवडतो, म्हणून जरा स्पष्टच बोलतो. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आहेत आणि मागच्याला ४२, तर प्रमाण ३ येतं. पुढे १५ दातांचं टाकलं की ते २.८ होतं. सपाट रस्त्यावर इंजिन शांत चालतं, पण डबलसीट घाट चढताना गाडी रडते. यात फुकट काहीच मिळत नाही, एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं. ३५ वॉटच्या बल्बच्या जागी ६०/५५ वॉटचा बल्ब घुसवला, तर उजेड चार दिवस मिळतो, मग होल्डर आणि वायर वितळते. तारांच्या रिमला ट्यूबलेस टायर घातला, तरी आत ट्यूब टाकावीच लागते, कारण हवा तारांच्या भोकांतून निघून जाते.

आणि सायलेन्सर! १४ एप्रिलच्या रॅलीत फटाके फोडणारा सायलेन्सर लावून मिरवणाऱ्या पोरांच्या गाड्या मी जवळून पाहिल्या आहेत. कुणाचा मागचा टायर गुळगुळीत, कुणाची चेन लोंबकळलेली, डोक्यावर हेल्मेट नाही. अडीच-तीन हजार आवाजावर घालवले आणि ब्रेकसाठी दोनशे निघाले नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांच्या हातात आपण स्वतःहून कारण का द्यायचं? तुमचं पहिलं अपग्रेड आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट असू द्या. दुसरं टायर, तिसरं ब्रेक, चौथं चेनकीट. त्यानंतर पैसे उरले तर बाकीचं बघा.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं वैयक्तिक शहाणपण झालं, यात सामाजिक प्रश्न कुठे आहे? आहे ना. ज्ञान कुणाकडे असावं, हा प्रश्न सामाजिकच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यांच्यावरचा ठपका होता. तो निकाल कारचा होता, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पुढे पोर्टलही आलं. पण एप्रिल २०२३ पासून नव्या दुचाकींत बिघाड ओळखणारी संगणकीय यंत्रणा आणखी कडक झाली. ती नीट वाचायला स्कॅनर लागतो, आणि तो प्रत्येक झाडाखालच्या गॅरेजवाल्याकडे नसतो. म्हणजे पंचवीस वर्षं कानाने इंजिनचा आजार ओळखणारा माणूस एका वायरच्या टोकाशी अडाणी ठरणार. हाताने काम करणाऱ्याला अडाणी ठरवण्याची खोड या समाजाला नवी नाही. तिचं फक्त रूप बदललं आहे.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येकाने वहीच्या एका पानावर आपल्या गाडीची कुंडली लिहावी. बनावटीचं वर्ष, टायर, चेन, स्प्रॉकेटचे दात, ड्रमचं माप, बल्ब, ऑइल, आणि कोणत्या गाडीचा कोणता पार्ट प्रत्यक्षात बसला. ही पानं एकमेकांना द्या. दोन, बिल घ्याच. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते, नसेल तर आपली तक्रार हवेत विरते. तीन, एखाद्या रविवारी समाजमंदिरात वस्तीतल्याच मिस्त्रीला शिकवायला बोलवा. त्याला खुर्ची द्या, मानधन द्या, आणि वही उघडून त्याच्यासमोर बसा. वक्त्यांना आपण हार घालतोच, एकदा ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय त्यालाही घालून बघू. मंडळाकडे पैसे जमले, तर पुढच्या वर्षी डीजेच्या वर्गणीतून त्याच्यासाठी एक स्कॅनर घ्या.

त्या ताईचं काम आठवड्याने झालं. मी तिला गाडीवरूनच नेलं. मागे ११० चे लायनर होते. या वेळी पाकिटावरचा नंबर मी दुकानातच वाचला होता आणि बिल खिशात होतं.

जयभीम!