मुळशीच्या वाट्याला कोयताच का?

पुणे जिल्ह्याबाहेरच्या माणसाजवळ मुळशीचे नाव काढले, की तो हटकून पुढे ‘पॅटर्न’ जोडतो. सेनापती बापटांचा इथला १९२१चा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात राहिला. तालुक्याचे नाव घरोघरी गेले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटामुळे. जमिनीचा पैसा गाडीत आणि गळ्यातल्या साखळीत कसा जिरतो आणि बापाचे वावर गेलेला पोरगा टोळीच्या आश्रयाला कसा जातो, हे त्या चित्रपटाने खणखणीत दाखवले. त्याबद्दल तक्रार नाही. गाऱ्हाणे वेगळे आहे. मुळशीच्या पोरग्याच्या हाती पडद्याने कोयता दिला, प्रेमाची चिठ्ठी कुणी दिली नाही. पोरीला तर काहीच दिले नाही.

मराठीला किशोरवयीन प्रेमाचे वावडे आहे असेही नाही. उलट २०१२ ते २०१६ या चार-पाच वर्षांत या वयावर मराठीत जे काम झाले, ते हिंदीवाल्यांना हेवा वाटावे असे होते. सुजय डहाके यांचा ‘शाळा’, रवी जाधव यांचे ‘बालक-पालक’ आणि ‘टाइमपास’, नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’. या चित्रपटांचे पहिले बळ म्हणजे त्यांतली मुले खरोखर मुले होती. ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ या गाजलेल्या अमेरिकी मालिकेत शाळकरी अँड्रिया साकारणारी गॅब्रिएल कार्टेरिस मालिका सुरू झाली तेव्हा २९ वर्षांची होती. इकडे ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा रिंकू राजगुरूला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. ‘फँड्री’तल्या सोमनाथ अवघडेच्या जब्याचा अवघडलेपणा कुठल्याही अभिनयाच्या वर्गात शिकवता येणार नाही. शालूकडे चोरून बघताना आपण डुकरे धरणाऱ्याच्या घरातले आहोत हे तो क्षणभरही विसरत नाही, आणि कॅमेराही विसरत नाही. प्रेमाच्या आड जात उभी असते, हे इतक्या थेटपणे सांगणारे शाळकरी प्रेमपट जगात फार नसावेत.

आता उणे बाजू. ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातली, ‘बालक-पालक’ व्हीसीआरच्या जमान्यातला, ‘टाइमपास’ नव्वदच्या दशकातला. म्हणजे यांतले निम्म्याहून अधिक चित्रपट पोरांविषयी असले, तरी त्यांच्यासाठी नव्हतेच. ते त्यांच्या आईबापांसाठी होते. चाळिशीतला प्रेक्षक आपली नववी-दहावी आठवून डोळे पुसत बाहेर पडायचा. शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीला मात्र वर्गातल्या मुलाने मध्यरात्री धाडलेल्या संदेशाचे काय करावे, हा प्रश्न तसाच घेऊन घरी जावे लागायचे.

शिवाय या गोष्टी सांगतो बहुधा मुलगा. ‘शाळा’ जोशीची, ‘टाइमपास’ दगडूचा, ‘फँड्री’ जब्याचा. शिरोडकर, प्राजक्ता, शालू या बघायच्या मुली. शालूला तर बोलायला वाक्येही नाहीत म्हटले तरी चालेल. ‘पटवणे’ हा आपल्याकडे पडद्यावरचा जुना उद्योग. मागे मागे फिरले की मुलगी शेवटी हसते, हा त्याचा नियम. एसटीच्या थांब्यावर, क्लासच्या दारात मुलींना जे सोसावे लागते त्याला हा नियम किती खतपाणी घालतो, हे गावच्या कुठल्याही बाईंना विचारावे. ‘सैराट’ची आर्ची याला अपवाद. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि आपण होऊन परश्यावर प्रेमही करते. म्हणून ती प्रेक्षकांच्या मनात परश्याच्याही पुढे गेली.

पण ‘सैराट’चीही एक गोची आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार होते. आर्ची पोलीस ठाण्यात जाऊन तो कागदच फाडून टाकते. चित्रपटगृहात शिट्ट्या. प्रत्यक्षात मुलगी अठराच्या आतली असेल, तर तिने फाडलेल्या कागदाला आणि तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही. दोघे पळून गेले तर मुलावर अपहरणाचा, आणि संबंध आले असतील तर २०१२च्या पॉक्सो कायद्याखालचाही गुन्हा दाखल होऊ शकतो. असे खटले न्यायालयांत नित्य उभे राहतात. एक मुलगा तुरुंगात, एक मुलगी बालगृहात किंवा घाईघाईने लावून दिलेल्या लग्नात, ही आजच्या महाराष्ट्रातली खरी प्रेमकथा आपल्या पडद्याला सापडलेली नाही. आपल्याकडे पळालेली जोडी एक तर नांदते किंवा मरते. मधले काही घडतच नाही.

बाहेर हे मधलेच पकडले जाते आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेत तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला मुलांच्या संदेशांतल्या इमोजींचा अर्थ कळत नाही. तो अर्थ त्याचाच शाळकरी मुलगा त्याला समजावून सांगतो, बापाची लाज वाटत असल्यासारखा. त्या एका प्रसंगात दोन पिढ्यांमधले अंतर जितके कळते, तितके आपल्या डझनभर मालिकांमधल्या बापाच्या आरडाओरड्यातून कळत नाही.

आणि गोष्टींसाठी लांब कशाला जायला हवे? एकट्या मुळशीत बघा. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे जगभरातली सोळा ते एकोणीस वयाची मुले-मुली एकत्र राहतात, शिकतात. टेकडीखाली भाताची खाचरे आणि जिल्हा परिषदेच्या शाळा. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी. तिथल्या उंच इमारतींत राहणाऱ्या अभियंत्यांची मुले आणि ज्यांच्या जमिनीवर त्या इमारती उठल्या त्यांची मुले एकाच वयाची. कोळवण खोऱ्यातली किंवा माल्याकडची मुलगी अकरावीला जायचे तर गाडीच्या वेळेवर जगते. संध्याकाळची गाडी चुकली की घरी उत्तर द्यावे लागते, आणि तिच्या हातातला फोन बहुधा थोरल्या भावाचा असतो. जात, जमीन, इंग्रजी, पैसा आणि फोन एकाच खोऱ्यात असे आमनेसामने आलेले असताना, पडद्याला इथे फक्त टोळीयुद्ध दिसावे?

सरकारी खात्यालाही एव्हाना या वयावयातला फरक कळला आहे. सेन्सॉर मंडळाने २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे तीन भाग केले. तेरावे वर्ष वेगळे, सोळावे वेगळे, हे नियमात आले. पटकथेत यायचे आहे. तोवर आमच्या पोरी कोरियन मालिका मोबाइलवर बघणार, त्यातल्या नायकाच्या सभ्यपणावर भाळणार, आणि त्यांना नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नसेल.

मराठी पटकथालेखकांपैकी बरेच जण कोथरूडला राहतात. पौड रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा. तो चांदणी चौकापाशी संपत नाही, पुढे खऱ्या पौडपर्यंत जातो. त्यांनी एकदा कॉलेज सुटायच्या वेळी तिथे जाऊन यावे, आणि या खेपेला गोष्ट मुलीकडून ऐकावी.