खिळ्यांच्या बुटाचा जमाखर्च

दिनांक 7 ऑक्टोबर 2020 रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे एकाच संध्याकाळी युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने पुरुषांच्या दहा हजार मीटरचा आणि इथिओपियाच्या लेतेसेनबेट गिडेने स्त्रियांच्या पाच हजार मीटरचा जागतिक विक्रम मोडला, तेव्हा जाणत्यांत अभिनंदनाच्या बरोबरीने चौकशी सुरू झाली ती त्या दोघांच्या पायांतील बुटांची. त्या दिवसापासून या विषयात दोन पक्ष पडलेले आहेत. एकाच्या मते आजचे विक्रम धावपटूंचे नसून कारखान्यांचे आहेत. दुसऱ्याच्या मते बूट कधी धावत नसतो, धावतो तो माणूस, आणि बाकीचा गवगवा नाहक आहे. आमच्या मते बुटाने वेग वाढतो ही गोष्ट आता नाकारण्यासारखी राहिलेली नाही. परंतु तो किती वाढतो आणि कोणाचा वाढतो, याचा तपशील मात्र दोन्ही पक्षांनी धड तपासलेला नाही.

मुळात हा बूट आहे तरी काय? मे 1954 मध्ये एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत तोडण्यासाठी रॉजर बॅनिस्टर ऑक्सफर्डला निघाले, त्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतील सहाणेवर बुटाचे खिळे घासून तीक्ष्ण केले आणि ट्रॅकवरची ओली राख चिकटून वजन वाढू नये म्हणून त्यांवर ग्रॅफाइट चोळले. तेव्हाच्या बुटाकडून अपेक्षा एवढीच, की त्याने जमीन पकडावी आणि वजनाने पायात नसल्यासारखे असावे. पुढे राखेचा ट्रॅक जाऊन सिंथेटिक आला, चामड्याच्या जागी नायलॉन आले, तरी ही कल्पना जवळजवळ अर्धशतक बदलली नाही. स्पाइक्सचा, म्हणजे या खिळ्यांच्या बुटाचा, तळवा पातळ आणि कठीणच राहिला, आणि दहा हजार मीटरची शर्यत पळून आलेला धावपटू दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून जिना उतरत राहिला. नव्या स्पाइक्समध्ये तळव्याखाली ‘पेबा’ जातीच्या फोमचा जाड थर असतो, आणि काही बुटांत त्याच्या जोडीला कार्बनची ताठ प्लेट. अंगठ्याने दाबला तर हा फोम सहज खचतो आणि दाब काढताक्षणी उसळून पूर्ववत होतो. याच जातीचा फोम वापरणाऱ्या रस्त्यावरच्या बुटाची तपासणी कोलोरॅडो विद्यापीठात झाली तेव्हा दाबलेल्या ऊर्जेपैकी सुमारे 87 टक्के ऊर्जा त्याने परत दिली. तुलनेला घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या शर्यतीच्या बुटाने सुमारे 65 टक्के दिली. शक्ती बुटात निर्माण होत नाही. धावपटूने जमिनीला दिलेल्यापैकी वाया जाणारा अंश घटतो, एवढेच.

रस्त्यावरच्या बुटाचा लाभ मोजणे त्या मानाने सोपे असते, कारण बेताच्या वेगाने धावणाऱ्याने किती प्राणवायू खर्चला ते यंत्राने कळते. ट्रॅकवरची शर्यत मात्र त्या बेतापलीकडच्या वेगाने पळली जाते आणि तेथे ही मोजणी लंगडी पडते. म्हणून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अभ्यासकांनी वेगळी युक्ती योजली: धावपटूंनी दोनशे मीटरचे अंतर स्वतःच्या अदमासाने, आठशे मीटरच्या शर्यतीत ठेवावा तेवढ्या वेगाने, निरनिराळे बूट घालून पुन्हा पुन्हा पळावे. जुन्या स्पाइक्सपेक्षा नव्यांत त्यांचा वेग सुमारे 2 टक्क्यांनी अधिक भरला. आता आपल्या पायात कोणता बूट आहे हे पळणाऱ्यापासून लपवता येत नाही, आणि मनाचा उत्साह पायात उतरतो हे तर कोणत्याही खेड्यातल्या जत्रेतील कुस्ती पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते. तेव्हा त्यातला काही भाग श्रद्धेच्या खात्यावर टाकावा लागेल. तरीही सगळा टाकता येणार नाही.

आता दप्तर उघडून पाहू. केनेनिसा बेकेलेचा दहा हजार मीटरचा विक्रम 2005 सालचा, 26 मिनिटे 17.53 सेकंदांचा होता. चेप्तेगेईने तो 26 मिनिटे 11 सेकंदांवर आणला, म्हणजे पंधरा वर्षांनंतर आणि नव्या बुटासह साडेसहा सेकंदांची बचत झाली. बुटाचा लाभ केवळ एक टक्का धरला तरी ती पंधरा सेकंदांहून अधिक व्हायला हवी होती. पुरुषांच्या पाच हजार मीटरमध्ये तर बचत दोनच सेकंदांची. हिशाम एल गेरूजचा 1500 मीटरचा विक्रम 1998 पासून आणि डेव्हिड रुडिशाचा 800 मीटरचा विक्रम 2012 पासून, 2025 सालचा हंगाम संपेपर्यंत तरी, अबाधित राहिला. एवढ्यावरून बूट निरुपयोगी ठरवणारे घाई करतात असे आम्हाला वाटते, कारण असामान्य पुरुषाच्या एकट्या कर्तबगारीवरून साधनाची किंमत ठरत नाही. ती पाहायची तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील दहा हजार मीटरची अंतिम शर्यत पाहावी. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या कडेने पुढे सरकणारे, ठरलेला वेग दाखवणारे दिवे नसतात (वॅलेन्सियात ते होते, आणि बुटाचे श्रेय व दिव्यांचे श्रेय यांची गल्लत तेथूनच सुरू झाली). तरीही त्या शर्यतीत चेप्तेगेईने 26 मिनिटे 43.14 सेकंदांत सुवर्णपदक घेतले आणि त्याच्या मागून आलेल्या आणखी दहाहून अधिक धावपटूंनी बेकेलेच्या 2008 सालच्या ऑलिंपिक विक्रमाहून सरस वेळ नोंदवली. इथिओपियाच्या तिघांनी आळीपाळीने पुढे राहून वेग राखला हे त्यामागील एक कारण खरे. परंतु सबंध घोळका असा एकदम वर उचलला जावा यात बुटाचा हात आम्हाला स्वच्छ दिसतो. शिखराची उंची फारशी वाढलेली नाही; पठार मात्र उंचावले आहे. स्त्रियांच्या शर्यतींत बुटाचा हात अधिकच ठळक आहे, तेथे शिखरही उंचावले: पाच हजार मीटरचा 2008 सालचा 14 मिनिटे 11.15 सेकंदांचा विक्रम 2025 मध्ये बीट्रिस चेबेटने 13 मिनिटे 58.06 सेकंदांवर नेला.

आपल्याकडचा दाखला घेताना मात्र सावधगिरी हवी. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला तो 2018 साली, म्हणजे हे बूट बाजारात येण्यापूर्वीच. गुलवीर सिंग यांनी दहा हजार मीटरचा सोळा वर्षांचा जुना विक्रम मार्च 2024 मध्ये 27 मिनिटे 41.81 सेकंदांत मोडला आणि सुमारे वर्षाने तेच अंतर 27 मिनिटे 0.22 सेकंदांत तोडले. या एका वर्षात बुटाच्या रचनेत क्रांती झालेली नव्हती. नियम झालाच तर कडक झाला होता, कारण नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकवरील बुटाच्या तळव्याची कमाल जाडी 25 मिलिमीटरवरून 20 वर आणण्यात आली. तेव्हा ते एक्केचाळीस सेकंद कोलोरॅडोतील उंचावरच्या सरावाचे, चांगल्या प्रशिक्षकाचे आणि तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांचे आहेत. ते बुटाच्या नावावर जमा करणे हा धावपटूवर अन्याय होय.

जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियामक मंडळाने जाडी ठरवली आणि प्लेट एकच असावी असा दंडक घातला, हे योग्यच झाले. आमची हरकत निराळी आहे. ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी दहा हजार मीटरची पात्रतावेळ रिओला 28 मिनिटे होती, टोकियोला 27 मिनिटे 28 सेकंद झाली आणि पॅरिसला 27 मिनिटे. स्टीपलचेसची 8 मिनिटे 22 सेकंदांची वेळ पॅरिसला 8 मिनिटे 15 सेकंदांवर आली. या मोजमापांत नव्या बुटाचा लाभ आधीच गृहीत धरलेला आहे. म्हणून ज्याच्या पायात तो आहे त्याला त्यातून विशेष काही मिळत नाही, आणि ज्याच्या पायात नाही त्याला मात्र दंड भरावा लागतो. हे बूट कित्येक हजार रुपयांचे असतात. शेतकऱ्याच्या किंवा ऊसतोड मजुराच्या, जिल्हास्तरावर निवडल्या जाणाऱ्या मुलीने ते स्वतःच्या खर्चाने घ्यावेत, अशी अपेक्षा बाळगून निवडचाचणी भरवणे म्हणजे तिच्या पायाची नव्हे, तिच्या घरच्या ऐपतीची परीक्षा घेणे होय. राज्याच्या क्रीडाखात्याने मैदाने व प्रेक्षागृहे यांवरील खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून राज्य निवडचाचणीत उतरणाऱ्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या धावपटूला मान्यताप्राप्त स्पाइक्सचा एक जोड, आणि तो अंगवळणी पाडण्यासाठी हंगामापूर्वीचे काही महिने, द्यावेत, अशी आमची विनंती आहे. गुलवीर यांची मार्च 2025 मधील वेळ त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेच्या 27 मिनिटांच्या थेट पात्रतावेळेपेक्षा फक्त 22 शतांश सेकंदांनी अधिक होती.